हंगामी वसतिगृह दसऱ्याआधी ठरलं पाहिजे

बीडचे ऊसतोड मजूर बाहेरगावी गेल्यावर त्यांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवतात; बहुतेक ठिकाणी तिथे जेवण मिळतं आणि मुलं राहतात आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे. या वसतिगृहांबद्दल लिहिलं जातं, पण वेळापत्रकाचा मुद्दा राहून जातो. मुकादमाकडून (मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या निघतात. वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर आली तर मूल केव्हाच उसाच्या फडात पोचलेलं असतं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घरोघर यादी करावी: कोण जाणार, मागे आजी-आजोबा आहेत का, त्यांची तब्येत कशी आहे, आईवडिलांचा चालू फोन नंबर कोणता. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. या कामात त्या महिलांचाच खरा उपयोग होतो. कोणत्या घरात मूल ठेवणं सुरक्षित आहे हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

जेवणाचं गणितही नीट मांडा. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारावर सोडलं जातं, पण तो फक्त शाळेच्या दिवशी मिळतो. रविवार आणि सुट्ट्यांची दुपार वेगळी धरली नाही तर मूल उपाशी राहतं किंवा घरच्या म्हाताऱ्या आजीवर भार पडतो.

मोठ्या मुली शाळेतून गळतात त्यामागे बहुधा धाकटं भावंड असतं. तीन-चार वर्षांचं मूल वसतिगृहात घेत नाहीत, ते आईबरोबर जातं आणि त्याला सांभाळायला बहीण. अंगणवाडीताईंना याच यादीत सामील करून धाकट्याची सोय गावात लावली तरच ती मुलगी वर्गात राहते.

जी मुलं आईवडिलांबरोबर जाणारच, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिलं जाणारं पत्रक, निघण्यापूर्वी द्या.