वायसर

कुंभार्ली घाट उतरून आम्ही चिपळूणच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, गाडीतच, कारण गाडीत किचन आहे हे दाखवायला तर सासू-सासऱ्यांना आणलं होतं, आणि इंडक्शनवर चहा ठेवून पाचेक मिनिटं झाली असतील तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ही गरम होणारी सीट आहे का हो?"

नव्हती. सीटखाली दीडशे एएचच्या (अँपिअर-अवरच्या) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या होत्या.

जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर करायचं खूळ माझं. सुतारकाम सुताराकडून केलं, पण वायरिंग मी स्वतः केलं, सहा महिने व्हिडिओ बघून, त्यामुळे बायको "हं" एवढंच म्हणाली. त्या "हं"मध्ये सगळं आलं.

मी सीट उचलली. पहिल्या बॅटरीच्या प्लसवरची लाल केबल काळपट पडलेली, थिंबलजवळचं, म्हणजे केबलच्या टोकाला बसवतात त्या भोकाच्या धातूच्या पट्टीजवळचं, प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं. हात लावला आणि जो काय शब्द तोंडातून गेला तो सासऱ्यांनी ऐकला नाही असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं.

मग निदानं सुरू. सासरे म्हणाले बॅटरी डुप्लिकेट असणार. बायको म्हणाली फ्यूज का नाही उडाला? हा प्रश्न मलाही पडला होता, पण मी तिला दीडशे अँपिअरचा फ्यूज म्हणजे काय हे अशा काही आत्मविश्वासाने समजावलं की तिने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. मी पक्कड काढून नट अजून आवळला, केबलवर टेप गुंडाळली आणि टपरीवर चहा प्यायलो.

गुहागरला जाताना शृंगारतळीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन सापडला. काकांनी वाकून बघितलं, मीटर काढला आणि म्हणाले, चहा ठेवा. मला वाटलं माणूस मोकळाढाकळा आहे, बायकोने आलंसुद्धा ठेचायला घेतलं. त्यांना चहा नको होता, लोड हवा होता, म्हणजे बॅटरीवर चालू इंडक्शनचा भार.

तर गंमत अशी की घरी 1200 वॉटचं इंडक्शन 230 व्होल्टवर सव्वापाच अँपिअर घेतं, तेच बॅटरीच्या 12 व्होल्टवर आलं की शंभर, आणि इन्व्हर्टर मध्ये आपलं कमिशन खातो ते धरून एकशेपंधरा वगैरे. चहा तोच, पण बॅटरीकडून बघितलं तर वेल्डिंग चाललंय. काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यालाच चिकटलेल्या थिंबलवर टेकवली. बोटभर अंतर नाही दोघांत, म्हणजे जवळजवळ शून्य यायला हवं. मीटर म्हणे अर्धा व्होल्ट.

"अर्धाच ना?" मी म्हटलं.

"अर्धा गुणिले एकशेपंधरा करा."

साडेसत्तावन्न वॉट. घरी माझ्याकडे 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न आहे, तशा दोन पेटवून मी सासूबाईंना त्यावर बसवलं होतं.

काकांनी इंडक्शन बंद करायला लावलं, नट खोलला, थिंबल वर उचललं आणि त्याच्या खालून चिमटीत एक स्प्रिंग वायसर बाहेर काढला. निळा-जांभळा पडलेला, मोराच्या पिसासारखा. "हा हितं कोणी घातलान?"

खड्ड्यांत नट सैल होऊ नये म्हणून घातला होता. कोणी, ते सांगायला बायको होतीच.

वायसर नटाखाली असतो, थिंबलखाली नाही. स्टेनलेस स्टील तांब्याच्या चाळीसेक पट विरोध करतं, त्यात स्प्रिंग वायसर वाकडा, टेकतो तो जेमतेम दोन टोकांवर, आणि तेवढ्यातून मी सगळा करंट ढकलत होतो. फ्यूजचं विचारलं तर काका म्हणाले, "त्याला करंट कळतो, वास नाय कळत." करंट मर्यादेतच होता बिचारा. थिंबलपण मी हातोडीने ठोकून बसवलेलं, ते त्यांनी कापून टाकलं आणि नवीन, चांगली जाड केबल क्रिम्पिंग मशीनने दाबून दिली. जाता जाता इन्व्हर्टरचा मायनस दुसऱ्या बॅटरीवरून घेतला, मी दोन्ही वायरी पहिलीवरच लावल्या होत्या, म्हणजे एक राबत होती आणि दुसरी सहलीला आली होती.

परत चहा ठेवला. थिंबलला हात लावून बघितला, कोमट.

"अजून कुठं घातलेत काय असले?" काकांनी विचारलं. मी आठवायच्या आत बायकोने डॅशबोर्ड उघडून अख्खं पाकीट त्यांच्या हातात दिलं. पन्नासचं होतं, एकच वापरलेला.

काकांनी पाकीट हलवून बघितलं. खूश झाले. "स्टीलचे आहेत. शेडच्या पत्र्याला होतील."