मध्यमलहरी, एफएम आणि आमच्या वाटणीचा अर्धा तास

विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर या आठवड्यात क्रिकेट आणि निवडणूक हे दोन्ही विषय मागे पडले आणि सांगली आकाशवाणी हा एकच विषय उरला. बातमी काय आहे ते गावात सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. सांगली केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम आवरते घेऊन मुंबईचे सहक्षेपण, म्हणजे तेथला कार्यक्रम जसाच्या तसा येथून सोडणे, वाढवायचे आणि मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) सोडून एफएमवर जायचे, अशा दोन गोष्टी गावात एकाच दमात बोलल्या जात आहेत. माझ्या मते सगळा घोळ या दोन गोष्टी एकत्र बांधण्यात आहे. आक्कांनी ती गाठ ज्या स्पष्टपणे सोडवून दाखवली, त्यासाठीच ही चर्चा लिहून ठेवावीशी वाटली.

सुरुवात अर्थातच नेटवर्कने केली. मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या आमच्या या मित्राचे हे नाव कट्ट्यानेच ठेवले आहे, आणि कोणताही प्रश्न तो रिचार्जच्या हिशेबाने सोडवतो. त्याचे म्हणणे असे की, आज बाजारात येणाऱ्या एकाही मोबाइलमध्ये मध्यमलहरी लागत नाहीत, घरोघरी एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर आल्यापासून सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झवर निवेदकाच्या आवाजापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते, आणि उंच मनोरा, त्याभोवती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा, त्यासाठी अडकवलेली जमीन आणि विजेचे बिल हा सगळा खर्च मूठभर म्हाताऱ्यांसाठी करायचा हे कोणत्याही सरकारला परवडणार नाही. नागपूरहून एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी २०१९ साली बंद झाली, तेव्हा देशाचे काय बिघडले, असेही त्याने विचारले. "साधी गोष्ट आहे," तो म्हणाला, "एफएम लावा, नाहीतर ॲप घ्या. न्यूज ऑन एअरवर अख्ख्या देशातली केंद्रे फुकट ऐकू येतात."

"फुकट म्हणजे तुझ्या दुकानातून रिचार्ज मारून," बापूंनी चहा ओतता ओतता सांगितले.

मास्तर तोवर गप्प होते, पण नागपूरचे नाव निघाल्यावर ते उसळले. मास्तरांचे रेडिओवर निस्सीम प्रेम आहे, त्याबद्दल कोणाला शंका नाही. अडचण एवढीच की त्यांचा रेडिओ १ एप्रिल १९५५ ला सुरू होतो आणि १९ एप्रिल १९५६ ला संपतो. पुणे केंद्राने वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची ५६ गीते कशी प्रसारित केली, लोक रेडिओला हार कसे घालत, हे त्यांनी आम्हांला पुन्हा एकदा प्रारंभापासून ऐकवले. त्यानंतर जे जे झाले ती सगळी घसरण, आणि एफएम म्हणजे त्या घसरणीचा तळ, कारण एफएमवरची मुले श्वास न घेता बोलतात आणि स्वतःच्याच विनोदाला हसतात. १९६३ पासून आपल्या गावात आकाशवाणी आहे आणि तिचा आवाज २३९.८ मीटरवरच, म्हणजे त्याच मध्यमलहरीवर, शोभतो, असा निर्वाळा देऊन ते थांबले.

आक्कांनी दोघांचेही पूर्ण ऐकून घेतले. आक्का तासगावकडच्या आहेत; मार्केट यार्डातले बेदाण्याचे काम आटोपून परत जाताना त्या येथे चहाला थांबतात. मालकाच्या मागे द्राक्षबाग त्यांनी एकट्यांनी सांभाळली, आणि त्यातली बरीच विद्या आपण रेडिओवर ऐकून मिळवली असे त्या उघडपणे सांगतात.

"मास्तर, मला खरखर ऐकायची हौस नाही," त्या म्हणाल्या. "एफएमवर आवाज स्वच्छ येत असेल तर उद्या नेऊ देत. दुधाची किटली ॲल्युमिनियमची होती, ती स्टीलची केली तर माझी काय तक्रार असणार? पण किटली बदलली एवढ्यावरून त्यात दुसऱ्या गावचे दूध का घालता, एवढेच मला विचारायचे आहे."

मास्तरांना हे आपल्या बाजूचे वाटले आणि नेटवर्कला आपल्या बाजूचे. प्रत्यक्षात ते दोघांच्याही बाजूचे नव्हते. लहरी कोणत्या असाव्यात हा अभियंत्यांचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरे मोजून काढता येतात. मध्यमलहरी जमिनीला धरून जातात, डोंगर ओलांडतात, आणि म्हणून जतच्या पलीकडे सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसालाही आपले केंद्र लागते. एफएम सरळ रेषेत जाते आणि आडवा डोंगर आला की थांबते, पण जेथे पोहोचते तेथे नितळ ऐकू येते आणि साध्या मोबाइलवरही लागते. यात काही मिळते आणि काही जाते, आणि त्यावर शांतपणे हिशेब करता येतो. त्या लहरींवर कोण बोलणार, कोणाशी आणि कशाबद्दल बोलणार, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो तंत्रज्ञानाच्या नावाखाली सोडवून टाकणे अयोग्य आहे.

नेटवर्कने येथे मोठा पुरावा काढला. २८ एप्रिल २०२३ या एका दिवशी पंतप्रधानांनी देशातल्या ८४ जिल्ह्यांत ९१ नवे एफएम प्रक्षेपक सुरू केले, आणि त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने आकाशवाणी व दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. तेव्हा सरकार रेडिओ बुडवते आहे असे म्हणणाऱ्यांनी आधी आकडे पाहावेत.

"त्या ९१ पैकी किती ठिकाणी माईक आहे?" आक्कांनी विचारले.

नेटवर्कला प्रश्नच समजला नाही. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटला, म्हणून थोडे थांबून सांगतो. हे १०० वॉटचे छोटे प्रक्षेपक सहक्षेपणासाठी आहेत. दुसरीकडून आलेला कार्यक्रम घ्यायचा आणि आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सोडून द्यायचा. त्यांच्यामुळे ऐकणारे वाढतात हे खरे आहे आणि ते चांगलेही आहे. पण तेथे स्टुडिओ नसतो, निवेदक नसतो, आणि त्या गावातला कोणी तेथे जाऊन चार शब्द बोलू शकत नाही. जेथे काहीच नव्हते तेथे असा प्रक्षेपक येणे ही भर आहे. जेथे साठ वर्षांचा स्टुडिओ आहे तेथे त्याच पद्धतीने काम चालवणे म्हणजे असलेले घालवणे आहे.

"पण केंद्र बंद होणार असे कोण म्हणतो?" नेटवर्क चिडला. "जानेवारी २०२१ मध्ये अशीच आवई उठली होती, तेव्हा आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने जाहीर केले होते की देशातले एकही केंद्र बंद होणार नाही आणि कोणाचा दर्जाही कमी होणार नाही."

"मग मी कोठे म्हणते बंद होईल? इमारत राहील, पाटी राहील, रखवालदारही राहील. आत बोलायला कोणी नसले तर त्याला केंद्र म्हणायचे की गोदाम, एवढे तू मला सांग."

यावर बापूंनी आक्कांना एक चहा जास्तीचा दिला, पैसे न घेता. बापू असे सहसा करत नाहीत.

त्यानंतर आक्का जे बोलल्या ते मी शक्य तितके जसेच्या तसे देत आहे. ऑक्टोबरात फळछाटणी होते, पुढे बाग फुलोऱ्यात येते आणि नेमका त्याच वेळी अवकाळी पाऊस पडतो. पाने ओली राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती, आणि त्या दिवशी संध्याकाळीच निर्णय घ्यावा लागतो की फवारणी कोणती करायची, की ढग जाईपर्यंत थांबायचे. मुंबईहून सगळ्या राज्यासाठी एक कार्यक्रम निघाला तर त्यात कोकणातले भात, खानदेशातली केळी, विदर्भातला कापूस आणि आमची द्राक्षे या सर्वांना पाच-पाच मिनिटे द्यावी लागतील. "सर्वांसाठी काढलेला सल्ला कोणाच्याच बागेला लागू पडत नाही," असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी सांगलीहूनच निघणारा शेतीचा जो अर्धा तास त्यांना हवा आहे, तो एवढ्यासाठी आहे.

"त्यासाठी व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत की," नेटवर्क म्हणाला. "दहा ग्रुपवर दहा सल्ले मिळतात."

"मिळतात ना. आणि सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी औषधाचा डबा घेऊन बांधावर येतो. कृषी विद्यापीठाचा माणूस रेडिओवर बोलून गेला, तो मला आजवर काही विकायला आलेला नाही."

या वाक्यावर कट्टा गप्प झाला. माझ्या दृष्टीने संपूर्ण चर्चेतले हे सर्वांत वजनदार वाक्य होते. सार्वजनिक प्रसारणाचे समर्थन करणारे मोठमोठे लेख मी वाचले आहेत, पण ज्याला काहीही विकायचे नाही असा आवाज गावात असणे ही त्यामागची खरी गरज इतक्या थोडक्यात कोणी मांडलेली मला आठवत नाही.

महाराष्ट्राला तर ही गोष्ट नव्याने शिकायची गरजच नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे तयार केली होती. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जात. ऐकणारा उलट बोलू शकतो आणि बोलणाऱ्याला त्याचे ऐकावे लागते, हे तत्त्व तेव्हा आपल्याच जिल्ह्यांमध्ये सिद्ध झाले, आणि पुढे देशभर पसरलेल्या ग्रामीण प्रसारणाने त्यावरूनच धडा घेतला. मुंबईच्या सहक्षेपणाला सांगलीचा शेतकरी उलट प्रश्न कसा विचारणार?

बापूंनी मग पुराचा विषय काढला, आणि या गावात तो निघाला की कोणी थट्टा करत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे येथे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना इशारापातळीवर आणि ४५ फुटांना धोक्याच्या पातळीवर जाते, वीज बंद करावी लागते, मोबाइलचे टॉवर बॅटरी संपली की मुके होतात, आणि त्या वेळी सेलवर चालणारा रेडिओ एवढेच साधन घरात उरते. पाणी वाढत आहे एवढे मुंबईचा निवेदकही सांगेल. कोयनेतून किती सोडले आणि आता कोणता रस्ता बंद झाला हे तासातासाला सांगणारा माणूस मात्र येथलाच असावा लागतो, आणि तो माणूस पुराच्या दिवशी अचानक निर्माण करता येत नाही.

"खासगी एफएमवाले सांगतील," नेटवर्कने शेवटचा प्रयत्न केला. त्याला मी आठवण करून दिली की खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. द्यायच्याच असतील तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. सामुदायिक रेडिओचे काम मोलाचे आहे. आपल्याच जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे, माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. परंतु त्यांचे क्षेत्र लहान आणि बातम्यांचे बंधन त्यांनाही आहे. एक स्वयंसेवी संस्था दुष्काळी तालुक्यात तेथल्या बायकांना माईकसमोर बसवू शकते, तर सहा दशकांच्या सरकारी केंद्राला ते का जमू नये, हे मात्र विचारलेच पाहिजे. उत्तर कोणी उघडपणे देत नाही, पण ते अवघड नाही. कार्यक्रम अधिकारी आणि निवेदक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि महिन्यातून मोजक्या ड्यूट्या मिळणाऱ्या कॅज्युअल निवेदकांच्या जिवावर छोटी केंद्रे रेटली गेली. माणसे नाहीत म्हणून कार्यक्रम कमी, कार्यक्रम कमी म्हणून श्रोते कमी, आणि श्रोते कमी म्हणून माणसे कशाला, असा हा फेरा आहे.

"तू ॲपचे एवढे सांगतोस," आक्का जाता जाता नेटवर्कला म्हणाल्या, "पण तुझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत तुझ्या वडिलांचा ट्रान्झिस्टर सकाळी सात दहाच्या बातम्यांना लागलेला असतो. त्यांना रोज ॲप उघडून देतोस का?"

नेटवर्कने उत्तर दिले नाही. वडिलांना त्याने मोबाइल घेऊन दिला होता आणि त्यांनी तो ट्रान्झिस्टरच्या खाली, उंची मिळावी म्हणून ठेवला आहे, ही माहिती बापूंनी सर्वांना पुरवली.

सात दहाच्या बातम्या पुण्याहून येतात, त्यावरून पुण्याचा विषय निघाला. सरकारला पत्र लिहून काय होणार, असे बापू म्हणत होते. पण जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग हलवण्याचा आदेश निघाला, लोकांनी एवढा आवाज उठवला की खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. तेव्हा आपणही पत्र लिहायचे असे ठरले. मजकूर आक्कांनीच सांगितला: लहरी तुम्ही ठरवा, पण संध्याकाळची शेतीची वेळ, पुराच्या काळातले स्थानिक प्रसारण आणि ते चालवणारी माणसे सांगलीतच ठेवा. मास्तरांना त्यात गीतरामायणावर एक परिच्छेद हवा होता, तो बहुमताने नाकारला गेला.

सह्यांची वेळ आली तेव्हा मास्तरांनी अट घातली की प्रत्येकाने आपली सही सर्वांसमक्ष करावी, कारण या कट्ट्यावरून दुसऱ्याच्या नावाने पत्रे जातात. हे जुने प्रकरण आहे. मास्तर नोकरीत असताना फर्माईशीच्या कार्यक्रमात एका ठसकेबाज लावणीसाठी त्यांचे नाव, शाळेच्या पत्त्यासह, वाचले गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मुलांनी त्यांचे स्वागत त्याच लावणीने केले होते. ते पत्र आपण लिहिले नाही, हे मास्तर निवृत्त झाले तरी सांगत आहेत.

"मीच लिहिले होते," बापू किटली खाली ठेवून शांतपणे म्हणाले.

मास्तर उठून उभे राहिले. बराच वेळ त्यांना शब्द सुचेना.

"चुकलेच माझे," बापू म्हणाले. "पण मास्तर, खरे सांगा, ती लावणी तुम्ही शेवटपर्यंत ऐकली होती की नाही?"

आक्कांना हसू आवरेना. भडंगाचा पुडा त्यांच्या हातून सांडला, आणि नेटवर्कने मोबाइलवर तीच लावणी शोधायला घेतली. मास्तरांनी सही केली ती या गोंधळातच, आणि नावाखाली कंसात ठळक अक्षरांत लिहिले, "स्वतः."