कंबर धरली? तिकीट काढा!

परदेशात राहता आणि कंबर धरली, तर घाईने फिजिओथेरपिस्ट गाठू नका. आधी कॅलेंडर बघा. अमेरिकेत असाल तर उसण जानेवारीत भरलेली चांगली. बहुतेक विम्यांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे आधी स्वतः भरायच्या रकमेचा, हिशेब १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि बऱ्याच प्लॅनमध्ये तेवढी रक्कम स्वतःच्या खिशातून भरेपर्यंत कंपनी फिजिओच्या बिलाला हात लावत नाही. जानेवारीत भरून टाकलं की उरलेलं वर्ष निवांत आजारी पडता येतं. डिसेंबरात दुखणं काढलं, तर मात्र नव्या वर्षात पुन्हा श्रीगणेशा. एवढी साधी शिस्त मणक्याला लावता येत नसेल, तर नागपूरच्या रामदेवबाबा कॉलेजातून किंवा व्हीएनआयटीतून इंजिनीअर होऊन काय मिळवलं?

गेलातच, तर घड्याळ लावून झोपा. तिथे उपचार पंधरा मिनिटांच्या युनिटमध्ये मोजतात. मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, हिशेबात तर आठ मिनिटं झाली की एक युनिट भरलं. त्यामुळे सातव्या मिनिटाला ताडकन उठायचं. कंबर साथ देत असेल तर. मग घरी विमा कंपनीचं पत्र येईल, त्यात शंभर-दीडशे डॉलरच्या रकमा असतील आणि वर ठळक लिहिलेलं असेल की हे बिल नाही. घाबरू नका. बिल वेगळं येतं.

इंग्लंडमध्ये असाल तर भाग्यवान. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओला पैसे पडत नाहीत. व्हिसासोबत वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार आधीच भरलात, तो विसरून जा. नंबर लागेपर्यंत फक्त वाट बघायची. साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, तेव्हा रांगेलाच गुण आला असं समजून अपॉइंटमेंट रद्द करा. जर्मनीत सरकारी विम्यावर डॉक्टर बहुधा सहा सिटिंग लिहून देतात, त्यातला दहा टक्के खर्च आणि चिठ्ठीचे दहा युरो तुमचे. तक्रार करायला जागाच नाही, म्हणून त्या देशाबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पण हे सगळं परक्यांसाठी. तुम्ही नागपूरचे. तुमच्याकडे रामबाण उपाय आहे : दुखणं जपून ठेवायचं आणि डिसेंबरात घरी यायचं. तिकिटाचे लाखाच्या वर जातात, पण तो खर्च आईबाबांना भेटण्याच्या खात्यात. उपचाराच्या खात्यात फक्त धंतोलीतल्या क्लिनिकचे काहीशे रुपये सिटिंगला. बसला की नाही हिशेब!

क्लिनिकात शिरताच अमेरिकेतला एमआरआय टेबलावर ठेवा आणि फीचा आकडा ऐकून म्हणा, ‘‘बाप्पा! पाचशे? नुसत्या शेकाचे?’’ समोरच्या मुलीने साडेचार वर्षं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलंय, त्यातले सहा महिने इंटर्नशिप, मग मास्टर्स, आणि तिचा पगार विचारला तर तुमचं पार्किंगसुद्धा त्यात भागणार नाही, हे मनात आणू नका. तिकडे समोरच्याला बिनबोभाट ‘थँक यू’ म्हणून कार्ड घासणारा माणूस इथे येऊन घासाघीस करतो, यालाच मातीची ओढ म्हणतात. दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, दोन फुकट मागा. आणि घरी येऊन मशीन लावून देता का, हेही विचारा.

ती म्हणेल, मशीनने थोडा आराम पडेल, पण खरं काम व्यायामाचं; निदान सहा आठवडे रोज करा. मान हलवा. सुटी पंधरा दिवसांची आहे, हे सांगायची गरज नाही. त्यात वर्धा रोडवरच्या लॉनवर दोन लग्नं, एक हळद, सावजीचा एक मटण-रस्सा आणि ताडोबाची सफारी बसवायची आहे. उघड्या जिप्सीतून पहाटे चार तास आदळत वाघ बघितल्यावर डिस्कचं जे होतं, त्याला तिने दिलेले व्यायाम जबाबदार धरा. मामा म्हणतीलच, ‘‘काऊन पैसे घालवतोस बे? आपल्याकडे एक जण आहे, एका झटक्यात हाड बसवतो.’’ तिथेही जाऊन या. वरातीत नाचताना कंबर मोकळी वाटेल, त्याचं श्रेय त्यालाच द्या.

परतीच्या विमानात इकॉनॉमीच्या सीटवर वीस तास बसलात की दुखणं होतं तिथे येईल. काळजी नको, धंतोलीचा नंबर आहेच. डॅलसला दुपारी बारा वाजता, म्हणजे नागपुरात हिवाळ्याच्या रात्री साडेअकराला, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावा. ‘‘मॅडम, तो ब्रिजिंगचा व्यायाम पुन्हा एकदा दाखवता का? दोनच मिनिटं.’’ दोनाची वीस झाली तरी तिथे युनिट मोजत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने ऑनलाइन सल्ल्याची फी कळवलीच, तर उत्तर देऊ नका, आईला क्लिनिकात पाठवा. आईचा गुडघाही तिच्याकडेच चालू आहे. दोघांचं मिळून काहीतरी कमी करून घेईल.