राजा परतला, देणी परतली नाहीत

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की फ्रान्समध्ये एवढं रक्त सांडूनही १८१५ मध्ये बूर्बाँ हे जुनं राजघराणं गादीवर होतंच, शेजारचे राजेही जागच्या जागी राहिले. मग राज्यक्रांतीने बदललं काय?

आधी माझी चूक. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामी हक्क संपवल्याचं जाहीर केलं आणि शेतकरी एका फटक्यात मोकळा झाला, असं मी लेखात लिहिलं होतं. ते चुकलंच. चर्चचा दशमांश, म्हणजे पिकातला चर्चचा वाटा, विनामोबदला गेला, पण जमिनीवरची बरीचशी सरंजामी देणी पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. १७९० चा दर असा: रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या २० पट, धान्याचं असेल तर २५ पट. एवढा पैसा कुठल्या शेतकऱ्याकडे असणार? ही देणी विनामोबदला रद्द व्हायला १७ जुलै १७९३ उजाडला. त्याच कायद्याने त्यांचे कागद जाळायचा हुकूम दिला.

या कागदांपाशी मी मुद्दाम थांबतो. १७८९ च्या उन्हाळ्यात शेतकरी सरदारांच्या वाड्यांवर चालून गेले, तेव्हा ठिकठिकाणी त्यांनी आधी दप्तर मागितलं. कुणाच्या शेतावर किती धान्य लागू, हे त्या वह्यांत लिहिलेलं. धन्याच्याच चक्कीवर दळायचं, त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, हेही त्याच्या हक्कांतलंच. वही जळली की हक्काचा पुरावा जळला.

आता राजाचं परतणं बघा. अठरावा लुई म्हणजे गिलोटिनवर गेलेल्या सोळाव्या लुईचा सख्खा भाऊ. त्याच्या १८१४ च्या सनदेचं, म्हणजे राज्यघटनेचं, पहिलं कलम कायद्यापुढे समानतेचं आहे. नवव्या कलमाने चर्चच्या आणि क्रांतीत देश सोडून पळालेल्या सरदारांच्या विकल्या गेलेल्या जमिनी खरेदीदारांकडेच ठेवल्या. १८२५ मध्ये त्या सरदारांना सरकारने भरपाई दिली, जमीन नाही. दशमांशही परत आला नाही. मला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. अर्थात, जमिनी मुख्यतः शहरातल्या पैसेवाल्यांनी आणि सधन शेतकऱ्यांनी घेतल्या. भूमिहीनाच्या पदरात फार थोडं पडलं.

बायकांबाबत मात्र तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. २० सप्टेंबर १७९२ ला घटस्फोटाचा हक्क मिळाला, १८१६ मध्ये तो काढून घेतला आणि थेट १८८४ मध्ये परत दिला. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलिंप द गूज यांना तर क्रांतीनेच नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं. १७९३-९४ च्या दहशतीच्या काळात सुमारे १७ हजार जणांना रीतसर शिक्षा देऊन मारलं, पश्चिम फ्रान्समधल्या वाँदेच्या बंडातले बळी वेगळेच. याचं समर्थन मी कधीच करणार नाही.

शेजारी राजे टिकले, हे खरं. पण कसे टिकले? ब्रिटनने धसका घेऊन १७९४ मध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याविरुद्धचं संरक्षण, स्थगित केलं. ऑस्ट्रियात वेठबिगार १८४८ पर्यंत चालूच राहिली. प्रशिया या जर्मन राज्याने मात्र येना इथे नेपोलियनकडून झालेल्या पराभवानंतर, ऑक्टोबर १८०७ मध्ये, भूदासपद्धत, म्हणजे शेतकऱ्याला जमीनदाराशी जखडून ठेवणारी पद्धत, संपवण्याचा हुकूम काढला. तिथे शेतकऱ्याला जमीन स्वतःची करून घ्यायला १८११ च्या नियमाने तिचा तिसरा हिस्सा किंवा निम्मी जमीनदाराला द्यावी लागली. फ्रान्सच्या १७९३ च्या कायद्याशेजारी हे ठेवून पाहा.

आणि ऱ्हाइन नदीचा डावा काठ. क्रांतीनंतरच्या युद्धांत तो फ्रान्सच्या ताब्यात होता. १८१५ नंतर त्यातला मोठा मुलूख प्रशियाकडे गेला. राजा बदलला, पण तिथल्या लोकांनी फ्रेंच दिवाणी कायदा सोडायला नकार दिला. तो तिथे १९०० पर्यंत चालला.