‘आय सरेंडर ऑल’ची चाल कुणाची?

‘एका चित्रकाराने कुंचला खाली ठेवला आणि त्याच रात्री शब्द-चालीसह हे गीत लिहिलं,’ असा मजकूर ‘आय सरेंडर ऑल’ या इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीताबद्दल व्हॉट्सअॅपवर फिरतोय. यात दोन गोष्टी चुकीच्या आहेत.

शब्द जडसन व्हॅन डीव्हेंटर यांचे. पेन्सिल्व्हेनियातल्या शॅरन गावी ते शाळांमधून चित्रकला शिकवत. चित्रकलेत पुढे जायचं की पूर्णवेळ सुवार्ताकार्य, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाचा प्रसार, करायचं, या पेचात ते बराच काळ होते. अखेर त्यांनी सेवा स्वीकारली. गीत मात्र त्या रात्रीचं नाही. पुढे ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन इथे सभा घेत असताना, जॉर्ज सेब्रिंग यांच्या घरी, त्या निर्णयाच्या आठवणीत ते लिहिलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. ही वर्षानुवर्षांची ओढाताण एका रात्रीत गुंडाळली, तर गीतातला जीवच जातो.

आणि चाल त्यांची नाहीच. ती विनफिल्ड विडन यांची. धृपद नीट ऐका: वरचे आवाज ‘आय सरेंडर ऑल’ म्हणतात आणि मागून पुरुषांचे आवाज तेच शब्द पुन्हा उचलतात. एकाने म्हणावं, दुसऱ्याने होकार द्यावा, अशी ही बांधणी विडन यांची आहे. त्यांच्या थडग्यावरही याच गीताचं नाव कोरलं आहे. १८९६ साली गीत छापून आलं, १९०८ साली विडन वारले.

चर्चच्या मंडळीत गीताची माहिती सांगताना कृपया दोघांचीही नावं घ्या. तो मजकूर तुमच्याकडे आला असेल, तर पाठवणाऱ्याला हे कळवा.