पहिला मेसेज कुणी टाकला?

माझं माहेर धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. राईनपाडाही त्याच तालुक्यात. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजारात आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं.

त्या रात्री दादाचा फोन आला. "तू वकील आहेस ना, मग सांग. हा मेसेज पहिल्यांदा कुणी टाकला ते पोलिसांना कंपनीकडून काढता येत नाही का?" मी म्हटलं, आलंच पाहिजे काढता. मी रागाने थरथरत होते. पुढची दोन-तीन वर्षं माझं हेच मत होतं, आणि मी ते चारचौघांत मांडतही होते.

आज माझं मत ते नाही. का नाही, ते सविस्तर लिहिते, कारण गेल्या महिन्यात एक अशील आली आणि दादाचा तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

आधी कंपनीकडे काय असतं ते बघू. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज एप्रिल २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद आहेत. किल्ली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये. पोलिसांनी कितीही रीतसर पत्र पाठवलं तरी मजकूर कंपनीकडे नाहीच. पण "म्हणजे पोलिसांना काहीच मिळत नाही" हा समज साफ चुकीचा आहे. कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं, हे कंपनीला दिसतं. अमेरिकेत कोर्टाचा आदेश असेल तर ही नोंद दर १५ मिनिटांनी तपास यंत्रणेकडे जाऊ शकते, असं एफबीआयच्याच २०२१ च्या एका कागदात आहे. तिथल्या अर्थखात्यातल्या एका अधिकारी बाईंनी पत्रकाराला गोपनीय कागद दिले, त्या खटल्यात हेच झालं. ऑगस्ट २०१८ मधल्या एका मध्यरात्री १२:३३ ते १२:५४ या वेळात दोन फोनमध्ये सुमारे ७० मेसेजची देवाणघेवाण झाली, एवढं तपासाला कळलं. मजकुराचं एक अक्षरही न वाचता. मी फौजदारी वकील आहे, सीडीआरवर, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींवर, माणसं कशी अडकतात ते रोज बघते. वेळ आणि नंबर पुष्कळ बोलतात.

सगळी अॅप सारखी नाहीत, हेही लोकांना सांगायला हवं. सिग्नलकडे २०१६ मध्ये व्हर्जिनियातून दोन नंबरांची माहिती मागणारं समन्स आलं. एका नंबरावर सिग्नल खातंच नव्हतं. दुसऱ्याबद्दल त्यांनी दोनच गोष्टी दिल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. लपवायचं म्हणून नाही, त्यांनी साठवलंच तेवढं होतं. उलट टेलिग्राम. कितीतरी लोक ते सर्वात गुप्त समजून वापरतात. पण तिथली साधी चॅट आणि चॅनेल त्यांच्या सर्व्हरवर असतात, टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप फक्त सीक्रेट चॅटला. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून, क्लासच्या नोट्स चोरून वाटणाऱ्या चॅनेलच्या अॅडमिनची नावं, नंबर आणि आयपी पत्ते (इंटरनेटला कुठून जोडले गेले त्याचा क्रमांक) त्यांनी दिले. मालक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसजवळच्या विमानतळावर अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने नियम बदलून जाहीर केलं की, रीतसर कायदेशीर मागणी आली तर नंबर आणि आयपी पत्ता देऊ.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपला जाब विचारला. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे आयटी नियम आले. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने, कोर्टाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा (सरकारचा) आदेश आल्यास, मेसेज मुळात कुणी पाठवला ते सांगायचं. फक्त गंभीर गुन्ह्यांसाठी, आणि मजकूर न मागता. वाचताना मला ते वाजवी वाटलं होतं.

अडचण आहे ती अशी. एका मेसेजचा पहिला धनी उद्या सांगायचा असेल तर आज प्रत्येक मेसेजची खूण साठवावी लागते, कारण उद्या कुठला विचारतील ते कुणालाच माहीत नाही. माझी, तुमची, डॉक्टरची, बातमी देणाऱ्याची, नवऱ्याचा मार खाऊन भावाला लिहिणाऱ्या बाईची, सगळ्यांची खूण. मद्रास उच्च न्यायालयात २०१९ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी मेसेजला मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडायचा उपाय सुचवला होता. आपल्या पवईच्या आयआयटीतले प्रा. मनोज प्रभाकरन यांनी त्यातल्या उणिवा लेखी मांडल्या. सामान्य माणसाला त्यातलं एक सहज पटेल: मेसेज फॉरवर्ड न करता कुणी मजकूर कॉपी करून नव्याने टाकला, तर पहिला पाठवणारा तो ठरतो. खरा कारस्थानी हे पाच मिनिटांत शिकेल. अडकेल तो साधा माणूस.

आणि पहिला म्हणजे तरी कोण? मुलं पळवण्याच्या अफवेसोबत देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेला. शेवटी पळवलेलं मूल परत आणून सोडतात, तो भाग कुणीतरी कापला. नियम म्हणतो, मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल तर भारतात ज्याने प्रथम पाठवला तो पहिला मानायचा. हा 'पहिला' कदाचित एखादी घाबरलेली आई असेल, जिने बहिणीला लिहिलं, "पोरांना सांभाळ गं."

राईनपाड्याच्या खटल्यात धुळ्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांपर्यंत पोहोचायला पोलिसांना मोठी मदत झाली ती जमावातल्याच लोकांनी काढलेल्या व्हिडिओंची. मारणारे हात सापडायला सगळ्या देशाच्या मेसेजची वही लागली नाही.

वही साठवली की ती विकली जाते, हेही मी जवळून पाहिलंय. सीडीआर मागवायला पोलिसांच्या वरिष्ठांची परवानगी लागते. तरीही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने बेकायदा सीडीआर मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं. ज्यांचे सीडीआर असे हातोहात फिरतात, त्यांना कुणी विचारत नाही की तुमचं काय गेलं.

कंपन्यांनी पोलिसांना नकारच द्यावा, असं मला म्हणायचं नाही. मूल हरवलं, कुणी आत्महत्येची चिठ्ठी टाकली, तर तासाभरात माहिती मिळायलाच हवी. माझं म्हणणं मागणीच्या कागदाबद्दल आहे. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ९४ खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःच्या सहीने कागदपत्रं आणि फोन मागवू शकतो. कलम ६९ चा आदेश गृहसचिव देतात. मागताना न्यायाधीशाची सही असलीच पाहिजे, असं यात कुठेच नाही. ती हवी. आणि चौकशी संपली की ज्याची माहिती घेतली त्याला कळवायला हवं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सीबीआयच्या एका लाचेच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. ते शक्य झालं कारण आदेशाचा कागद होता, त्यावर तारीख होती, बोट ठेवायला जागा होती.

गेल्या महिन्यात आलेली अशील आरोपी नव्हती. शेजारच्या घरातल्या भांडणात साक्षीदार म्हणून तिला एका पोलीस ठाण्यात बोलावलं. "ताई, फोन द्या जरा," म्हणाले, पॅटर्न विचारला. तिने दिला, कारण नाही म्हणता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन चार दिवस तिथे राहिला. पंचनामा नाही, पावती नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. कुठल्या कंपनीला पत्र लिहायची गरजच पडली नाही. कुलूप कितीही भक्कम असो, किल्लीसकट घरच टेबलावर ठेवलेलं.

त्या फोनमध्ये तिचे दवाखान्याचे रिपोर्ट होते, बचत गटाचे हिशेब होते, बहिणीशी नवऱ्याबद्दल केलेलं बोलणं होतं. माझ्यासमोर बसून तिने एकच विचारलं, "मॅडम, त्यांनी काय काय वाचलं असेल?"

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. फोन ताब्यात घेतल्याची नोंदच नसेल तर उत्तर काय येणार, ते मला माहीत आहे. तरी टाकला.