सोळा स्वभावप्रकारांचा तक्ता पाहून स्थळ नाकारू नका

नातेवाइकांच्या आणि वधू-वर मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक रंगीत तक्ता फिरतो आहे. उभ्या-आडव्या रकान्यांत इंग्रजी चार अक्षरांचे सोळा स्वभावप्रकार मांडलेले आहेत आणि प्रत्येक जोडीच्या चौकटीत हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरलेला आहे. सोबतच्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: पत्रिकेतले 36 गुण आता मागे पडले, हे प्रकार ठरवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी शास्त्रीय आहे, माणसाचा प्रकार आयुष्यभर बदलत नाही, चाचणीतले वर्णन प्रत्येकाला तंतोतंत लागू पडते, आणि म्हणून लाल चौकट आली तर पुढची बोलणी करू नयेत. माझ्या भाचीच्या एका स्थळाची बोलणी याच लाल चौकटीवर थांबली, आणि निरोप आणणाऱ्या मध्यस्थांनी तो तक्ता डॉक्टरांचा अहवाल दाखवावा तसा आम्हाला दाखवला. त्यामुळे या मजकुरातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

चाचणी शास्त्रीय असल्याचा आधार म्हणून स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचे नाव दिले जाते. युंग यांनी 1921 साली मानसिक प्रकारांची जी मांडणी केली ती त्यांच्या चिंतनातून आणि रुग्णांच्या निरीक्षणातून आलेली होती, मोजमापातून नव्हे. तिच्यावरून प्रश्नावली तयार केली ती कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी, आणि दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. एवढ्यावरून त्यांचे काम टाकाऊ ठरत नाही, परंतु या कामाची सुरुवात कशी झाली ते येथे सांगण्यासारखे आहे. इसाबेल यांनी लग्नासाठी निवडलेला मुलगा, क्लॅरेन्स मायर्स, घरातल्या सर्वांपेक्षा अगदी वेगळ्या वळणाचा होता, आणि होणाऱ्या जावयाचा हा वेगळेपणा समजून घेण्याच्या ओढीने कॅथरीन या विषयाकडे वळल्या. इसाबेल स्वतःला आयएनएफपी आणि पतीला आयएसटीजे मानत, म्हणजे चारपैकी तीन अक्षरे भिन्न. आज फिरणाऱ्या अनेक तक्त्यांत ही जोडी लाल रंगात आहे. त्यांचा 1918 साली झालेला विवाह मात्र आयुष्यभर टिकला.

प्रकार कायमचा असतो, हे दुसरे विधान चाचणीच्या रचनेतच अडखळते. पहिले अक्षर ज्यावरून ठरते ती बहिर्मुखता, म्हणजे माणसांत मोकळेपणाने मिसळण्याची वृत्ती, घ्या. बहुतेक माणसे दोन टोकांना नसून मधोमध असतात, आणि चाचणी त्या गर्दीतूनच एक रेघ ओढून अलीकडच्यांना एक अक्षर व पलीकडच्यांना दुसरे अक्षर देते. आपल्याकडे 34 गुणांचा विद्यार्थी नापास व 35 गुणांचा पास होतो, पण त्या दोघांत फरक एकाच गुणाचा असतो, आणि 35 व 95 गुणांचे विद्यार्थी मात्र एकाच शिक्क्याखाली येतात. मध्यावर असलेल्या माणसाची दोन-तीन उत्तरे फिरली की त्याचे अक्षर फिरते. या चाचणीवरील अभ्यासांचा आढावा घेताना मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी नोंदवले आहे की पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिल्यावर सुमारे निम्म्या लोकांचे किमान एक अक्षर बदललेले आढळते. आमच्या घरातच याचा प्रत्यय आला. अनोळखी माणसांशी तुम्ही आपणहून बोलता का, अशा आशयाच्या प्रश्नाला उत्तर देताना भाचीने पहिल्या वेळी कार्यालयातल्या बैठका डोळ्यांसमोर आणल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी नुकताच पार पडलेला चुलतभावाचा लग्नसमारंभ. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती आणि दोन्ही वेगळी होती. स्थळ ज्या अक्षरांवर मोडले त्यातले पहिलेच अक्षर दुसऱ्या वेळी बदलले.

वर्णन तंतोतंत जुळते, हा अनुभव खरा आहे, मात्र तो पुरावा नव्हे. 1948 साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे म्हणून एक वर्णन ठेवले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सर्वांना एकच दिले होते.

आता मुख्य दाव्याकडे येऊ: दोन स्वभावांचा मेळ पाहून संसाराचे भाकीत करता येते, असा तो दावा आहे. यावर भरपूर संशोधन झालेले आहे आणि त्याचा कौल बऱ्यापैकी एका दिशेचा आहे. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनी या तीन देशांतील हजारो जोडप्यांच्या माहितीवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की नात्यातल्या समाधानाच्या फरकांपैकी सुमारे 6 टक्के भाग व्यक्तीच्या स्वतःच्या स्वभावाशी आणि 1 ते 3 टक्के भाग जोडीदाराच्या स्वभावाशी निगडित होता, तर दोघांचे स्वभाव किती सारखे आहेत याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. तक्ता मात्र नेमका या अर्ध्या टक्क्याच्या प्रांतात रंग भरतो. विरुद्ध स्वभाव एकमेकांना पूरक ठरतात म्हणून हिरव्या केलेल्या चौकटींनाही फारसा आधार नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात जोडीदार बहुतांश बाबतींत एकमेकांसारखेच आढळले, आणि बहिर्मुखतेच्या बाबतीत तर सारखेपणाही जवळजवळ नव्हता व विरोधही नव्हता.

स्वभावाला काहीच महत्त्व नाही, असे मी म्हणत नाही. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली यांनी 1987 साली मांडलेल्या अभ्यासात 1930 च्या दशकात साखरपुडा झालेल्या 300 जोडप्यांचा 1980 च्या सुमारापर्यंत मागोवा घेतलेला आहे. संसार मोडण्याशी किंवा कटू होण्याशी ज्या गोष्टींचा संबंध ठळक दिसला त्या म्हणजे पती किंवा पत्नीची भावनिक अस्थिरता, लवकर अस्वस्थ होण्याची आणि चिडण्याची सवय, आणि पतीचा स्वतःवरचा सुटणारा ताबा. मायर्स-ब्रिग्जची चार अक्षरे नेमकी हीच भावनिक अस्थिरता मोजत नाहीत. याशिवाय 43 अभ्यासांतील 11,196 जोडप्यांची माहिती एकत्र करून 2020 साली जो निष्कर्ष मांडला गेला, त्यात नात्यातल्या समाधानाचा अंदाज सर्वाधिक बांधता आला तो नात्याविषयीच्या गोष्टींवरून: जोडीदार मनापासून आपला आहे असे वाटते का, आपल्याला त्याची कदर आहे का, शरीरसंबंधांत समाधान आहे का, खटके किती उडतात. या गोष्टी हिशेबात घेतल्यावर स्वभाववैशिष्ट्यांनी त्या अंदाजात भर घातली नाही. लग्न ठरण्याआधी तर यांपैकी काहीही घडलेले नसते, त्यामुळे ते कोणत्याही तक्त्यात आधीच सापडणे शक्य नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद, की गंमत म्हणून पाहायला काय हरकत आहे. दोघांनी चहा घेता घेता आपापली अक्षरे सांगितली आणि त्यातून गप्पा रंगल्या तर काहीच हरकत नाही. मात्र त्या अक्षरांवरून नकार कळवला जातो तेव्हा दोन कुटुंबांचा निर्णय त्यावर बेतलेला असतो, आणि 'मी या प्रकारातला आहे, ठरल्या वेळी ठरलेले काम करणे माझ्या स्वभावात नाही' असे पुढे कोणी आपल्या जोडीदाराला ऐकवू लागला तर ते त्याहून वाईट. भाची आणि तो मुलगा दोनदा भेटले होते. त्याच्या घराचे कर्ज अजून बारा वर्षे चालणार आहे, तिच्या कामात महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते, आणि लग्नानंतर तिच्या आईकडे कोण पाहणार, या तिन्ही गोष्टी त्यांनी आपणहून बोलून घेतल्या होत्या. तिसऱ्या प्रश्नावर दोघांचे मत जुळले नव्हते आणि त्यासाठीच तिसरी भेट ठरली होती. ती होण्याआधी तक्ता आला.